तंग कुणी आवळायचा? ज्युनिअर रायडिंग क्लबमधल्या एका प्रवेशाचे प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या वेशीवरचा एक रायडिंग क्लब. पाच घोडी, तीन सईस (घोड्यांची देखभाल करणारे), एक मुख्य प्रशिक्षक आणि एक शिकाऊ मदतनीस. शनिवार-रविवार सकाळी साडेसहा ते साडेआठ 9 ते 16 वयाच्या मुलांचा ज्युनिअर गट चालतो. त्यात 12 मुले. क्लबच्या माहितीपत्रकात पहिल्याच ओळीत लिहिलेले होते की इथे घोडेस्वारी आणि घोड्याची निगा दोन्ही शिकवले जाते. कल्पना नवी नाही. ब्रिटनमध्ये 1929 साली सुरू झालेल्या पोनी क्लबच्या परीक्षा याच पायावर उभ्या आहेत. तिथे नुसते चांगले बसता येऊन पुढची पायरी मिळत नाही, खूर आणि खुराक यांचीही उत्तरे द्यावी लागतात.

मुलगी 11 वर्षांची, वजन 34 किलो, पोहण्याची सवय असल्याने अंगाने काटक. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज (घोड्याकडून ठरावीक चाली आणि हालचाली करून दाखवण्याचा प्रकार) संघाने सुवर्णपदक जिंकले, तेव्हापासून वडिलांच्या मनात हा खेळ होता. एप्रिलमध्ये प्रवेश घेतला आणि तीन महिन्यांची फी आगाऊ भरली.

प्रवेशाच्या वेळी काही गोष्टी नीट झाल्या. धनुर्वाताच्या लसीची नोंद मागितली गेली. लिदीशी आणि मातीशी रोजचा संबंध येतो तिथे ही चौकशी व्हायलाच हवी. मुलीचा दहाव्या वर्षीचा टीडीचा (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचा) डोस झालेला होता. गवताच्या धुळीने दमा उठतो का, हेही विचारले. आईने घोड्यांच्या ग्लँडर्स तपासणीचे कागद मागितले आणि क्लबने ते दाखवले. ग्लँडर्स घोड्याकडून माणसाला होऊ शकतो, आणि 2009 च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्यात त्याची नोंद आहे. असे कागद मागणारे पालक विरळाच.

एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंनी कुणी बोलले नाही: दोन तासांत मूल नेमके काय करणार? वडिलांनी दोन तास म्हणजे दोन तास खोगिरावर असे धरले होते. क्लबने ते त्यांना ठाऊकच असेल असे धरले होते.

कुरबूर आणि तडजोड

पाचांपैकी चारच घोडी मुलांच्या कामाची. पाचवा रेसकोर्सवरून निवृत्त झालेला, थरोब्रेड या शर्यतीच्या जातीचा घोडा अजून तापट होता. म्हणजे चार-चार मुलांच्या तीन तुकड्या. मूळ आखणीत पहिली 45 मिनिटे सगळ्यांनी मिळून खरारा, खूर साफ करणे आणि खोगीर चढवणे, मग प्रत्येक तुकडीला 25 मिनिटे स्वारी. उरलेल्या वेळात तबेल्यातले काम.

महिन्याभरात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूर चढला. ‘पैसे भरून लीद उचलायला पाठवतोय का आम्ही?’ असा एकाचा संदेश, त्याला सहा जणांचे अंगठे. मे संपता संपता क्लबने वेळापत्रक बदलले. मुले येण्याआधी सईस घोडी तयार करून ठेवतील, स्वारी 35 मिनिटांची होईल, निगा ‘जमेल तशी’.

सगळे खूश झाले. पालकांना फीचे मोल मिळाल्यासारखे वाटले, मुलांना जास्त वेळ बसायला मिळाले आणि सईसांचेही काम हलके झाले, कारण 12 मुलांच्या हातून चार घोडी तयार करून घेणे म्हणजे सकाळचा अर्धा जीव जातो. तक्रार करायला कुणी उरलेच नाही, त्यामुळे या बदलात काय गेले हे दिसायला जुलै उजाडावा लागला.

खरारा म्हणजे घोडा चकचकीत करणे, असा समज असतो. खरे तर ती रोजची तपासणी आहे. पाठीवरून ब्रश फिरताना घोडा अंग चोरतो, तिथे खोगीर घासते आहे. तंगाच्या, म्हणजे पोटाखालून खोगीर बांधणाऱ्या पट्ट्याच्या, जागेवर चिखलाचा खडा राहिला, तर तासाभरात कातडे सोलते. खूर उचलला की सैल झालेली नाल हाताला कळते. आणि तंग आवळताना बरीच घोडी श्वास भरून पोट फुगवतात. तो खेळ एकदा स्वतः पाहिलेला मुलगा बसण्यापूर्वी पुन्हा बोटे घालून पाहायला विसरत नाही. ज्याने तंगाला कधी हातच लावला नाही, त्याला विसरण्यासारखे काही असतच नाही.

लहान म्हणजे सुरक्षित?

आईवडिलांनी आणखी एक मागणी केली होती: मुलीला सगळ्यात बुटके जनावर द्या. क्लबने 12.2 हातांचे (घोड्याच्या मापात एक हात चार इंचांचा, बिंदूनंतरचा आकडा इंचांचा), म्हणजे खांद्याशी साधारण 127 सेंटीमीटर उंचीचे तट्टू दिले. वयस्क, शांत, मुलांना सरावलेले. मागणी समजण्यासारखी होती. पडलेच तर कमी उंचीवरून.

पण उंचीइतकाच घोड्याचा आकारही पाहावा लागतो. मानेच्या मुळाशी दोन्ही खांद्यांच्या मधे जो उंचवटा असतो, त्याला विदर्स म्हणतात. खोगीर बाजूला फिरू नये याचा मोठा आधार तोच. या तट्टाचे विदर्स जवळजवळ सपाट आणि बरगड्या पिंपासारख्या गोल. त्यात जूनपासून कोवळे हिरवे गवत मिळाल्याने ते आणखी फुगलेले. अशा पाठीवर खोगीर केवळ तंगाच्या ताणावर आणि स्वाराच्या तोलावर टिकते. नवख्या स्वाराकडे तोल नसतो. उरतो तंग.

अपघात

जुलैमधला रविवार, रात्रभर पाऊस, मैदान मऊ. तिसऱ्या तुकडीची वेळ पावणेआठच्या पुढे सरकलेली. तट्टावर खोगीर सहा वाजताच चढले होते. आधीच्या दोन तुकड्यांत दोन मुले त्यावर बसून उतरली होती. तंग मधे कुणी पाहिला नाही.

चढण्याचा लाकडी ठोकळा चिखलात रुतला होता, म्हणून मुलगी जमिनीवरून डाव्या रिकिबीत पाय घालून चढली. असे चढताना अख्खे वजन क्षणभर एका बाजूला येते आणि खोगीर डावीकडे ओढले जाते. थोडे सरकलेही असेल. ते कुणी सरळ केले नाही. सईसाने विचारले, “ताई, बसलात ना नीट?” ती “हो काका” म्हणाली. नीट म्हणजे काय, हे तिला माहीत असण्याचे कारण नव्हते.

दुडक्या चालीत उजवीकडे वळण घेताना तिचा भार बाहेरच्या, डाव्या रिकिबीवर गेला आणि खोगीर फिरले. ती डाव्या खांद्यावर आपटली, हेल्मेटची कडा जमिनीला लागली. पायात टाचेचे बूट नव्हते, सपाट तळाचे स्पोर्ट्स शूज होते. पाऊल रिकिबीतून घोट्यापर्यंत आत गेले आणि अडकले. खोगिरावरचा रिकिबीच्या पट्ट्याचा आकडा उघडा होता, त्यामुळे ओढ बसताच पट्टा निसटून तिच्या पायासोबत बाहेर आला. तट्टू सात-आठ पावलांवर थांबले. तो आकडा गंजून मिटलेला असता, तर प्रकरण वेगळे झाले असते. क्लबमध्ये गेल्यावर खोगिराखाली हात घालून तो आकडा हलतो का हे पाहायला कुणाचीही परवानगी लागत नाही.

पहिली दहा मिनिटे

इथे प्रशिक्षकाने दोन निर्णय बरोबर घेतले. मुलीला उठवायची घाई केली नाही, हेल्मेट काढले नाही. मान दुखते का, बोटे हलतात का, शुद्ध पूर्ण आहे का, हे आधी पाहिले. आणि ‘पडल्यावर लगेच पुन्हा बसवा, नाहीतर भीती बसते’ हा सगळ्या तबेल्यांत चालत आलेला सल्ला मोडला. डोक्याला धक्का बसल्याची शंका असेल, तर त्या दिवशी स्वारी नाही, यात तडजोड नसते. बाकीच्या घोड्यांना मैदानाच्या कडेला थांबवण्याचे कामही मदतनिसाने वेळेवर केले.

निदान: गळपट्टीच्या हाडाला बारीक चीर. चार आठवडे हात झोळीत, आठ आठवडे स्वारी बंद. ज्या हेल्मेटला मार लागला ते बाहेरून धड दिसले, तरी बाद केले. आतला थर एकदा दबला की दुसऱ्या आघाताला तो कामाचा राहत नाही. क्लबकडे मुलांसाठी अपघात विमा नव्हता. खर्च घरच्या आरोग्य विम्यातून झाला.

समोरचे पर्याय

त्या आठवड्यात आईवडील, प्रशिक्षक आणि सर्वांत जुने सईस एकत्र बसले. सईसांना बैठकीत बोलावण्याचा आग्रह आईचा होता, आणि तो नसता तर निम्मी माहिती बाहेर आली नसती. खोगीर किती वाजता चढले आणि मधे कुणी पाहिले नाही, हे त्यांनीच सांगितले.

क्लब सोडून खासगी धडे घेणे हा पहिला विचार. एका मुलामागे एक प्रशिक्षक, ही जमेची बाजू मोठी. पण चौकशी केली तेव्हा तिथेही घोडा तयार होऊनच समोर येतो असे कळले. ज्या कारणाने अपघात झाला, तेच जास्त पैसे देऊन विकत घ्यायचे.

वडिलांचा प्रस्ताव स्वतःचे तट्टू घेऊन क्लबमध्ये ठेवण्याचा होता. प्रशिक्षकांनी हिशोब मांडला: रोजचा चारा, दर चार ते सहा आठवड्यांनी नालबंद, जंतनाशक, दरवर्षी धनुर्वाताची लस, आजारपणात डॉक्टर. शिवाय 11 वर्षांची मुलगी दोन वर्षांत त्या तट्टाला मोठी होणार. हा विषय तिथेच मिटला.

सईसांनी दुमची लावून तेच तट्टू वापरायचे सुचवले. दुमची शेपटीखालून जाते आणि खोगीर पुढे मानेवर घसरू देत नाही. बाजूला फिरणाऱ्या खोगिराला तिचा उपयोग नाही, आणि इथे तीच अडचण होती. खोगिराखाली न घसरणारे रबरी जाळीचे पॅड घालता येते. मदत होते, पण सैल तंगावर तो इलाज नव्हे.

शेवटी ठरले ते असे: आठ आठवडे स्वारी नाही, पण येणे चालू. हात झोळीत असेपर्यंत निरीक्षण आणि मोजमाप, नंतर हाताचे काम, आणि पुन्हा बसताना दुसरी घोडी. वडिलांना हे पटले नव्हते. दोन महिने फी भरून मुलगी नुसती बघणार, असे ते म्हणाले. क्लबने त्या काळाची फी निम्मी केली, तेव्हा गाडी पुढे सरकली.

काय केले

एका हाताने करण्यासारखे तबेल्यात बरेच असते. तिला एक वही दिली. रोज प्रत्येक घोड्याच्या रकान्यात: बादलीतले पाणी किती उतरले, चारा उरला का, लीद किती आणि कशी. श्वास कुशीकडे पाहून मोजायचे. विश्रांतीत मिनिटाला 8 ते 16. नाडी जबड्याच्या खालच्या कडेशी बोट ठेवून; 28 ते 44. हिरडी अंगठ्याने दाबून सोडायची. गुलाबी रंग दोन सेकंदांत परतला पाहिजे. शरीराचे तापमान सईस घ्यायचे, ती आकडा लिहायची, 37.5 ते 38.5 अंशांच्या बाहेर गेला तर लगेच सांगायचे. पोटशूळ सुरू होतो तेव्हा घोडा आधी चारा सोडतो, कुशीकडे वळून बघतो, पुढच्या पायाने माती उकरतो, लीद थांबते. रोजची सरासरी माहीत असेल तरच हे वेळेत दिसते.

तिसऱ्या आठवड्यात तट्टाचे माप घेतले. पुढच्या पायांमागून छातीचा घेर 145 सेंटीमीटर, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी 130. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11,880. उत्तर 230 किलो. मुलगी आणि खोगीर मिळून 40, म्हणजे 17 टक्क्यांच्या वर. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या 15 ते 20 टक्क्यांत असावे असा संकेत आहे. तट्टू बारीक झाले आणि मुलगी वाढली की हे गणित मर्यादेला भिडणार, हे कागदावरच दिसले.

मग काट्यावर चंदीही (धान्याचा खुराक) तोलली आणि तबेल्यातली जुनी चूक सापडली. सगळ्यांना एकाच मगाने चंदी जात होती. त्या मगात ओट भरले की जे वजन येई, त्याच्या निम्म्याच्या आसपासच गव्हाचा कोंडा भरे. म्हणजे ‘दोन मग’ या हिशोबाला काही अर्थच नव्हता. वर दुप्पट वजनाच्या थरोब्रेडइतकीच चंदी हे तट्टू खात होते. त्याची चंदी बंद केली. चाऱ्याचा कोरडा भाग वजनाच्या दीड टक्का, म्हणजे साडेतीन किलोच्या घरात आणला; हिरव्या घासात पाणीच जास्त, म्हणून मुख्य भार वाळलेल्या गवतावर ठेवला. उपाशी ठेवून वजन उतरवायचे नसते. घोड्याचे पोट लहान, त्याला दिवसभर थोडे थोडे चघळत राहायला लागते, म्हणून तेच गवत बारीक जाळीत बांधून चार वेळा दिले.

झोळी सुटल्यावर खूर. घोड्याच्या डाव्या खांद्याशी, तोंड त्याच्या शेपटीकडे करून उभे राहायचे, हात खांद्यावरून पायावर सरकवत खाली न्यायचा, अंग हलकेच टेकवायचे. तो भार दुसऱ्या पायावर घेतो आणि खूर हातात येतो. खूर साफ करायची आकडी टाचेकडून पुढे चालवायची, उलटी कधीच नाही; निसटली तर टाचेच्या मऊ भागात घुसते. पावसाळ्यात सब्जा (करड्या-पांढऱ्या रंगाच्या) घोड्याच्या मागच्या खुरात तळव्याच्या त्रिकोणी मऊ भागाशेजारच्या खाचेतून काळा, चिकट, सडक्या वासाचा लगदा निघाला. तिने नाक दाबले. सईस म्हणाले, “वास आला ना ताई? आता आठ दिवसांनी परत बघा, गेला की नाही.” उपचार साधा: खाच साफ करून कोरडी करायची, आयोडीन लावायचे आणि खाली ओला भुसा राहू द्यायचा नाही. शेवटचे नाही केले तर पहिली दोन वाया जातात.

मग खोगीर आणि तंग. नियम तीनदा पाहण्याचा ठरला: चढण्यापूर्वी, बसल्याबरोबर आणि पाच मिनिटे चालवल्यानंतर. तंग आणि कातड्यामधे दोन बोटे सपाट, थोडी आवळून जावीत. चढणे ठोकळ्यावरूनच. बूट टाचेचे, रिकीब बुटापेक्षा दोन-अडीच सेंटीमीटर रुंद. आणि ज्याला बसायचे त्यानेच शेवटचा तंग पाहायचा. सईस फक्त खातरजमा करणार.

सप्टेंबरच्या मध्यावर ती कुमैत (तपकिरी अंग, काळी आयाळ-शेपटी) काठेवाडी घोडीवर बसली. ही घोडी सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून आणलेली, 14.2 हात, वजन 335 किलोच्या आसपास, उठून दिसणारे विदर्स. चालीला तल्लख, म्हणून पहिले सहा धडे प्रशिक्षकाच्या हातातल्या लांब दोरीवर, गोलात. लगाम मुलीच्या हातात दिलेच नाहीत. भीती वाटली की नवखा स्वार लगामाला लोंबकळतो आणि घोड्याचे तोंड बिघडते. पुढे धरायला मानेभोवती पट्टा बांधला होता. पहिल्या दिवशी तिने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला, चालीतच, आणि दुडकी घ्यायला नाही म्हणाली. प्रशिक्षकांनी घेतली नाही.

फलित

डिसेंबरअखेर ती एकटीने 20 मिनिटांत घोडी तयार करू लागली आणि दोरीशिवाय दुडक्या चालीत मैदानाला फेरे घालू लागली. कँटर, म्हणजे दुडकीपुढची वेगवान चाल, अजून नाही. एकदा विचारल्यावर तिने नको म्हटले, आणि तसे म्हणण्याची मुभा असावी हे या क्लबमध्ये आधी कुणी ठरवलेले नव्हते.

तट्टाचा घेर ऑक्टोबरपर्यंत 140 सेंटीमीटरवर आला, म्हणजे वजन साधारण 215 किलो. त्याच्यावर आता फक्त 9-10 वर्षांची हलकी मुले बसतात.

क्लबने मूळची 45 मिनिटे परत आणली, तीही वेळापत्रकात छापून. तीन कुटुंबे त्यावरून सोडून गेली. दोन सईसांना शिकवण्याचा वेगळा भत्ता सुरू झाला; काम वाढवले आणि पैसे तेच ठेवले, तर जुनी पद्धत महिन्यात परत येईल, हे बैठकीत सईसांनीच स्पष्ट सांगितले होते.

कुठे वेगळे करता आले असते

सगळ्यात स्वस्त संधी एप्रिलमध्ये हुकली. आगाऊ फी घेण्यापूर्वी एक पूर्ण सकाळ मुलाने आणि पालकांनी तबेल्यात काढायची, एवढे ठेवले असते तर लिदीवरून उठलेली तक्रार प्रवेशाआधीच बोलून झाली असती. ज्यांना फक्त स्वारी हवी त्यांनी दुसरीकडे जाणे हे दोघांच्याही हिताचे.

मेमधली तडजोड पूर्ण चुकीची होती असे म्हणता येत नाही. 25 मिनिटे खरोखरच कमी होती. पण वेळ वाढवायचा तर मुलांची संख्या कमी करता आली असती, किंवा तुकड्या वेगवेगळ्या दिवशी घेता आल्या असत्या. दोन्हीत उत्पन्न घटते, म्हणून त्यांचा विचार झाला नाही. निगेचा वेळ कापणे फुकट वाटले. आणि कापायचाच होता, तर खरारा कापून तंग आणि खूर तरी मुलांच्या हातात ठेवायचे होते.

नुसती उंची पाहून घोडा देण्याऐवजी वजन, तोल आणि पाठीचा आकार पाहून द्यायला हवा होता, आणि पालकांच्या मागणीला तिथे ‘नाही’ म्हणायला हवे होते. स्पोर्ट्स शूजवर मुलीला तीन महिने बसू देणे याला तर काही सबबच नाही. फाटकाशी बूट पाहायला अर्धा मिनिट लागतो.

विम्याचा प्रश्न क्लबने अजून सोडवलेला नाही. वडिलांनी जानेवारीत स्पर्धांविषयी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की आधी कँटर, आणि तो ती स्वतः मागेल तेव्हा.